टाकी फुल करून बघा

"अहो, दूध! जळतंय सगळं! तिथंच उभे आहात ना?"

बायको न्हाणीघरातून ओल्या केसांनी धावत आली तेव्हा मिस्त्री शेगडीपासून हातभर अंतरावर, तिच्याकडे पाठ करून, खिडकीच्या उजेडात पेपर वाचत होते. त्यांनी दचकून मागे पाहिलं. दूध कधीच उतू जाऊन संपलं होतं. उरलेलं तळाला लागून काळं ठिक्कर पडलं होतं आणि स्वयंपाकघरात धूर भरला होता. बायकोने गॅस बंद केला, फडक्याने पातेलं उचलून नळाखाली धरलं. चर्र झालं.

"वास नाही आला तुम्हाला?"

"आला की," मिस्त्री म्हणाले. "जरा लक्ष नव्हतं."

बायकोने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि काही न बोलता केस पुसायला आत गेली. तीस वर्षांच्या संसारात ती गप्प बसली की मिस्त्रींना जास्त धाकधूक व्हायची.

ती गेल्यावर त्यांनी नळाखालचं पातेलं उचललं आणि नाक थेट आत घातलं. काही नाही. साबणाची वडी उचलली. काही नाही. कपाटातल्या डांबरगोळ्या काढल्या, मुठीत चोळल्या. काहीच नाही. शेवटी कांदा कापून नाकाशी धरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, नाकाला मात्र पत्ता नाही.

आणि मग, तो अर्धा कांदा हातात असतानाच, त्यांना कालची पिकअप आठवली. त्यांनी ओट्याचा आधार घेतला.

मिस्त्रींना सगळी वस्ती नाकमिस्त्री म्हणायची. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी नावाची पाटीसुद्धा लावली नव्हती, कारण गरज पडली नव्हती. गाडी दारात येऊन उभी राहिली की हे आतून, जागचे न हलता सांगायचे, "पाणी गळतंय, गोडसर वास आहे," किंवा "ऑइल जळतंय, रिंगा गेल्या." पेट्रोल कुठल्या पंपावर भरलंय तेही सांगायचे, आणि त्या पंपाचा मालक समोर असला तरी सांगायचे. शेजारचा वेल्डर म्हणायचा, "ह्यांना हात दिलेत ते देवाने नुसते नाक पुसायला." मिस्त्रींना हे ऐकून मनातून गुदगुल्या व्हायच्या. भरघोस मिशी होती, ती ते अशा वेळी बोटाने दोन्हीकडे सारखी करायचे.

अडीच महिन्यांपूर्वी सर्दी झाली. सर्दी गेली, वास परत आला नाही. आठ दिवसांत येईल म्हणाले, मग पंधरा दिवसांत येईल म्हणाले, आणि मग स्वतःशीसुद्धा म्हणायचं सोडून दिलं. कुणाला सांगितलं नाही. डोळे होते, हात होते, अनुभव होता. बाकीचं काम अंदाजपंचे चाललं होतं. गाडी आली की पूर्वीसारखे तीन मोठे श्वास घ्यायचे, डोळे मिटायचे आणि मनात हिशेब करून काहीतरी सांगायचे. ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं, आणि त्यानेच घात केला.

काल दुपारी चादरवाली आली होती. चाळिशीची, बाह्या वर दुमडलेल्या, गळ्यात नाडीला गाडीची किल्ली. हॉस्पिटलच्या मळक्या चादरी लाँड्रीत न्यायच्या आणि धुतलेल्या परत पोचवायच्या, हे तिचं काम. गाडी पेट्रोलवरची, जुनी, पण निगा ठेवलेली.

"वास येतो, मिस्त्री," ती म्हणाली होती. "पण रोज नाही हो. कधी डोकं उठतं, कधी काहीच नाही. दोघांना दाखवली. एक म्हणतो पाइप, एक म्हणतो झाकण. म्हटलं, आता नाकालाच दाखवू."

मिस्त्री गाडीखाली गेले. टाकीच्या खाली दगड लागू नये म्हणून पत्र्याचा गार्ड असतो, तो कोरडा होता. जमीन कोरडी होती. काटा अर्ध्या टाकीवर होता. त्यांनी तीन श्वास घेतले. आत नुसतीच हवा गेली.

"मला येतोय बुवा थोडासा," कट्ट्यावर बसलेला वेल्डर म्हणाला.

"तुझा जन्म गेला गॅसच्या नळकांड्यापाशी. तुला वासातलं काय कळतंय?" मिस्त्री म्हणाले. सगळे हसले. वेल्डरही हसला आणि गप्प बसला.

मग मिस्त्री बाहेर आले, हात पुसले, मिशी सारखी केली. "काही नाही, बाई. भरताना सांडत असेल. उद्या सकाळी टाकी फुल करा, अगदी काठोकाठ, आणि बघा. वास आला तर ही मिशी काढून देईन."

"नको बाई, एवढी मिशी मी ठेवू कुठं?" चादरवाली हसली आणि गाडीत चढली. दार ओढून घेता घेता म्हणाली, "जीव भांड्यात पडला माझा. गाडी आमची लाँड्रीत बॉयलरच्या भिंतीला लागूनच उभी असते ना, त्याचीच भीती होती."

आता, सकाळी पावणेआठला, ओट्याला धरून उभे असताना मिस्त्रींच्या कानात तेवढंच एक वाक्य वाजत होतं. अर्ध्या टाकीला गार्ड कोरडा आणि वास कधीकधीच, म्हणजे पेट्रोलच्या पातळीचा मामला. भोक टाकीच्या वरच्या अंगाला आहे. भरली की गळणार, उतरली की थांबणार. हे कुणी नवशिक्यानेही सांगितलं असतं. मिस्त्रींनीही सांगितलं असतं, पण काल त्यांचं सगळं डोकं नाक आहे हे दाखवण्यात गुंतलं होतं. वर तिला सांगितलं, टाकी फुल करा. काठोकाठ.

आणि पेट्रोलचा वाफारा हवेपेक्षा जड असतो. तो वर जात नाही, पाण्यासारखा जमिनीवरून सरपटत जातो, विस्तव शोधत.

"अगं," त्यांनी हाक मारली. "चल माझ्याबरोबर."

"आत्ता? केस ओले आहेत."

"असू देत. एका गाडीचा वास घ्यायचाय."

बायको दारात आली. त्यांच्या हातात कांदा होता, डोळ्यांत पाणी होतं, कपाळावर घाम होता. तिने डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि चपला पायात सरकवल्या.

स्कूटर तिसऱ्या किकला सुरू झाली. मिस्त्रींनी आयुष्यात कधी एवढ्या वेगाने चालवली नव्हती. नजर रस्त्यावर कमी आणि छपरांच्या वर जास्त होती. कुठे धूर दिसतो का, कुठे बंबाची घंटा वाजते का.

"मला माहीत होतं," बायको मागून कानाशी म्हणाली.

"काय?"

"नाकाचं. गेल्या महिन्यात फ्रिजमधलं नासलेलं दूध ग्लासभर प्यायलात. वर म्हणालात, छान गार आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलत नव्हतात. म्हटलं, सांगतील तेव्हा सांगतील." थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी बोलायला हवं होतं. हळू चालवा."

चौक ओलांडला. समोर, लाँड्रीच्याच बाजूला, घरांच्या मागून काळा धूर वर चढत होता. दाट, गुठळ्यांसारखा. त्यांनी ब्रेक दाबला. स्कूटर आडवी होता होता वाचली.

"गेलं," ते म्हणाले. "गेलं सगळं."

बायकोने मान वर केली, नाक उचललं. "डांबर आहे. रस्त्याचं काम चाललंय कुठंतरी. डांबराचा वास आहे हा, घाबरू नका. चला."

वळणावर खरोखरच डांबराचं यंत्र होतं. त्याच्या अगदी जवळून गेले तरी मिस्त्रींना वासाचा ठिपका लागला नाही. अठ्ठावीस वर्षं ही बाई त्यांचे कामाचे कपडे दाराबाहेर काढायला लावत होती, वासाने जेवण जात नाही म्हणून. त्यांनी त्यावरून तिची किती थट्टा केली होती. आज तिच्याच नाकाच्या भरवशावर ते श्वास घेत होते.

लाँड्रीचं फाटक उघडं होतं. रस्त्यावरून आत यायला छोटा चढ, मग सिमेंटचं अंगण. उजवीकडे लांब खोली, तिच्या दारातून इस्त्र्यांचे धपधप आवाज येत होते. डावीकडे बॉयलरची खोली, दार सताड उघडं, आणि आत लोखंडी पिंपाच्या पोटाला असलेल्या वाटोळ्या काचेतून पिवळीनिळी ज्योत दिसत होती. दारापासून चार पावलांवर, भिंतीला लागून, गाडी उभी करायची जागा. गाडी तिथे नव्हती. सिमेंटवर डाग होता. ताटाएवढा, कडेला फिकट, मध्ये स्वच्छ. पेट्रोल वाळलं की असा डाग पडतो. मिस्त्रींना तो डोळ्यांनी वाचता येत होता, त्याला नाक लागत नव्हतं.

बॉयलरवाला स्टुलावर बसून चहा पीत होता. टक्कल पडलेला, साठीला टेकलेला, कुणाचं काही ऐकून न घेणारा माणूस दिसत होता.

"गाडी कुठंय?" मिस्त्रींनी विचारलं.

"हॉस्पिटलला. येईल आता पाच-दहा मिनिटांत. का?"

"टाकी भरली का तिनं?"

"भरली की. सकाळीच. त्या नाकमिस्त्रीनं सांगितलं होतं म्हणे. का पण?"

"बॉयलर बंद करा."

बॉयलरवाल्याने चहाचा घोट गिळला. "तुम्ही कोण?"

"गाडी गळतेय. पेट्रोल. वरनं गळतेय. बंद करा आधी, मग बोलू."

"काल दाखवली ना तिनं. नाकमिस्त्री म्हणाला, काही नाही. त्याचं नाक कधी चुकत नाही."

"तो मीच."

"मग तुम्हीच म्हणालात काही नाही! आज काय स्वप्न पडलं?"

"शंका आलीय मला."

"शंकेवर बॉयलर बंद होत नसतो, मिस्त्री. परत दाब चढायला दीड तास जातो. चारशे चादरी दुपारच्या आत पोचल्या पाहिजेत, ऑपरेशनच्या आहेत. हॉस्पिटलवाले माझ्या नावानं शंख करतील. गाडी येऊ दे, तुम्ही वास घ्या, मग बघू."

इस्त्रीच्या खोलीतले धपधप थांबत चालले होते. दारात एक बाई आली, मग दुसरी, मग तिच्या मागे बाकीच्या. मिस्त्रींनी नकळत मोजल्या. अकरा. त्यांच्यातल्या दोघी-तिघींच्या घरच्या गाड्या त्यांनीच दुरुस्त केल्या होत्या. एक म्हणाली सुद्धा, "अगं, हे आपले नाकमिस्त्री."

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. ती खाली मान घालून उभी होती. तिला मध्ये पडता आलं असतं, पण ती पडली नाही. हे त्यांचं त्यांनीच बोलायचं होतं.

"मला वास येत नाही," मिस्त्री म्हणाले.

"आँ?"

"नाक गेलंय माझं. अडीच महिने झाले." शब्द एकदा सुटल्यावर थांबेनात. "काल मी गाडीखाली गेलो, श्वास घेतले, ते सगळं नाटक होतं. मला काहीही कळलं नाही. आत्ता तुमच्या ह्या अंगणात पेट्रोलचा पूर आला तरी मला कळायचं नाही. पाया पडतो तुमच्या, बंद करा."

बॉयलरवाल्याने ग्लास स्टुलाखाली ठेवला, सावकाश उठला आणि आत जाऊन दांडा ओढला. वाटोळ्या काचेतली ज्योत आक्रसली आणि विझली.

"इस्त्र्या पण," तो बायकांवर ओरडला. "मेन स्विच पाडा आणि सगळ्या मागच्या दारानं बाहेर! चला!"

तेवढ्यात गल्लीतून हॉर्न आला.

मिस्त्री फाटकाकडे धावले. पिकअप वळणावरून येत होती आणि चादरवालीने खिडकीतून डोकं बाहेर काढलेलं होतं. आत श्वास घेववत नसावा. त्यांना पाहून ती चालत्या गाडीतूनच ओरडली, "मिस्त्री, मिशी काढा! डोकं फुटायला आलंय माझं वासानं!"

मिस्त्री फाटकात मधोमध उभे राहिले आणि दोन्ही हात वर केले. "बंद करा! आहे तिथं! आत आणू नका!"

"चढावर?"

"बंद करा म्हणतो ना!"

गाडी चढाच्या मध्यावर थांबली. इंजिन बंद झाल्यावर जी शांतता पसरली, तिच्यात मिस्त्रींना एक बारीक आवाज ऐकू आला. चुर्र. मग थोडं थांबून पुन्हा, चुर्र. तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसा. गाडी चढावर तोंड वर करून उभी होती, आणि गार्डमध्ये साठलेलं पेट्रोल मागच्या कोपऱ्यातून तापलेल्या सायलेन्सरवर टपकत होतं.

"उतरा," ते म्हणाले. "दार आपटू नका. आतलं-बाहेरचं काहीही चालू-बंद करू नका. मोबाइल जिथं आहे तिथं राहू दे. लांब जा."

चादरवाली उतरली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"पाण्यातून चादरी आणा," मिस्त्रींनी आवाज दिला. "ओल्या. पिळू नका."

बॉयलरवाल्याने आणि एका बाईने निथळत्या दोन चादरी आणल्या. मिस्त्री त्या घेऊन गाडीखाली शिरले. अठ्ठावीस वर्षं ते गाड्यांखाली शिरत आले होते, पण भीती अशी कधी वाटली नव्हती. नाक होतं तोवर पेट्रोल त्यांना सांगून यायचं. किती आहे, कुठे आहे, अजून किती वेळ हातात आहे, सगळं कळायचं. आता ते कानाशी टपकत होतं, अंगावर उडत होतं, आणि त्यांच्या लेखी जग धुऊन वाळवल्यासारखं कोरडं होतं. ओली चादर त्यांनी सायलेन्सरवर घातली. वाफ आली. दुसरी घडी करून थेंबाखाली दिली. चुर्र थांबलं. मग कोपरांवर मागे सरकत ते बाहेर आले, आणि उभं राहायला त्यांना बायकोचा हात धरावा लागला.

गिअर काढून, अकरा बायका, बॉयलरवाला आणि चादरवाली यांनी गाडी दोरांनी आणि खांद्यांनी आवरत उलटी उतरवली आणि पलीकडच्या मोकळ्या मैदानात सपाटीला नेली. चादरींची गाठोडी उतरवून लांब ठेवली. वाळूच्या बादल्या आल्या, आग विझवायचं नळकांडं आलं. बॉयलरवाला ते बाळासारखं छातीशी धरून उभा राहिला. अर्धा तास वाऱ्यावर गाडी तशीच राहू दिली.

"आता तू ये," मिस्त्री बायकोला म्हणाले. "पुढून सुरू कर. वास कुठं आहे ते नको सांगू, कुठं वाढतो ते सांग."

बायकोने नाकावरचा घाम पुसला आणि वाकली. "इथं आहे... पण थोडाच. इथं चाकापाशी... नाही, कमी झाला. मागं चला. हं. इथं जास्त." ती टाकीच्या मागच्या कोपऱ्याशी थांबली. "इथं खूप आहे."

"तिथं साठतंय ते. तिथं गळत नाही. वर जा. टाकीच्या अंगानं वर."

"अहो, वर कुठं? वर तर मालाचा हौदा आहे."

"टाकी आणि हौद्याच्या मधे फट आहे बघ बोटभर. तिथं नाक ने."

तिने गाल पत्र्याला लावला आणि झटकन मागे आली. डोळ्यांत पाणी होतं. "आई गं! इथंच. डोक्यात गेला."

मिस्त्रींना आता नाकाचं काम संपवून डोळ्यांचं सुरू करायचं होतं. ते इस्त्रीवाल्या बायकांकडे वळले. "खळ आहे का? कोरडी. चादरींना लावता ती."

डबाभर खळीची पूड आली. ती त्यांनी मुठीत घेऊन टाकीच्या बाजूवर फुंकली. पांढऱ्या पत्र्यावर बघता बघता एक करडी रेघ उमटली. वरच्या फटीतून निघून, कडेकडेने तिरकी, गार्डच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत. तिथे ती थांबत होती. जिथे टपकत होतं तिथे दोघा मेकॅनिकांनी पाहिलं होतं, म्हणून एकाला पाइप वाटला आणि एकाला झाकण. मिस्त्रींनी बाही वर सारली आणि हात फटीत घातला. टाकीच्या डोक्यावर पंप बसवलेला असतो, त्याच्या वाटोळ्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. कोरडं, कोरडं, कोरडं. मग एका जागी बोट गारठलं. पेट्रोल उडून जाताना गार लागतं. तिथेच रबराची रिंग चिरलेली होती, नखाएवढी.

"सापडलं," ते म्हणाले. हात तसाच आत ठेवून ते रडले. थोडंसंच, पण सगळ्यांनी पाहिलं.

बॉयलरवाल्याच्या हातपंपाने दोन कॅन भरून पेट्रोल काढलं. टाकी अर्ध्यावर आली तशी करडी रेघ वाळत वाळत पांढरी झाली.

चादरवाली इतका वेळ मैदानाच्या कडेला बसून होती. मिस्त्री तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"काल का नाही सांगितलंत?" तिने विचारलं.

"लाज वाटली."

"अकरा जणी असतात आत. मी बारावी." ती उठली, कपड्यांवरची माती झटकली. "नाक तर काय, कुणाचंही जातं. पण तुम्ही मला टाकी फुल करायला सांगितलीत, मिस्त्री. आणि मी विश्वास ठेवला."

ती गाठोड्यांकडे चालायला लागली. थोडं जाऊन वळली. "गाडी तुम्हीच करा. ज्यानं शोधलं त्यानंच करावं. पण झाल्यावर वास ह्या घेतील," तिने बायकोकडे बोट दाखवलं. "ह्या म्हणाल्या ठीक, तर मी नेईन."

गाडी दोर बांधून ओढत नेली. टाकी उतरवली, नवी रिंग घातली, टाकी पुन्हा चढवली आणि काठोकाठ भरली. वेल्डर आपण होऊन दोन दिवस दुकान बंद ठेवून बसला, ठिणगी नको म्हणून. मिस्त्री त्याला म्हणाले, "त्या दिवशी तुला वास आला होता." वेल्डर म्हणाला, "आला होता. पण तुम्ही नाही म्हणालात, तर मला वाटलं माझंच नाक खोटं." हे ऐकून मिस्त्रींना सगळ्यांत जास्त वाईट वाटलं. बायको सकाळ, दुपार, संध्याकाळ येऊन खळ फासलेल्या टाकीभोवती वाकून गेली. तिसऱ्या वेळी म्हणाली, "काही नाही." मिस्त्रींनी तिला आणखी एकदा फेरी मारायला लावली.

डॉक्टरने नाकात बॅटरी मारून पाहिलं. येईलही परत, नाहीही, असं सांगितलं. आता गाडी आली की मिस्त्री आधी सांगतात, मला वास येत नाही. निम्मी गिऱ्हाइकं "बरं, बघू" म्हणून पुढच्या गॅरेजला जातात. उरलेल्यांना वासाची तक्रार असेल तर अकरानंतर यायला सांगतात, कारण स्वयंपाक आटोपून बायको अकराला येते. नाकमिस्त्री असं आता कुणी हाक मारत नाही. मिस्त्री म्हणतात, नुसतं.

चादरवाली गाडी घेऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री न्हाणीघराच्या आरशासमोर बसले. वाटीत पाणी, ब्रश, वस्तरा.

"अहो, काय करताय?" बायको दारातून म्हणाली. "तिनं काही मागितली नाही हो मिशी. चेष्टा होती ती."

"मी बोललो होतो," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी ओठावर फेस चढवला. बायकोने वस्तरा त्यांच्याकडून घेतला आणि समोर पाटावर बसली. दोन-चार फटकाऱ्यांतच तीस वर्षांची मिशी पाण्यात तरंगायला लागली. खालची ओठावरची कातडी पांढरीफटक निघाली.

"ह्या साबणाला वास कसला येतो?" त्यांनी विचारलं.

बायको पुढे वाकली. गाडीच्या फटीत नेलं होतं तसंच तिने नाक त्यांच्या गालापाशी आणलं आणि डोळे मिटून श्वास घेतला.

"लिंबाचा," ती म्हणाली. मग आणखी एकदा घेतला. "आणि खाली पेट्रोलचा."

"अजून?"

"अजून," ती म्हणाली, आणि टॉवेलने त्यांचं तोंड पुसलं.